हंऽ

माझ्याकडे माणसं तोंड उघडतात, पण त्यांना बोलता येत नाही. पलीकडच्या खोलीत माणसांना बोलता येतं, पण ती तोंड उघडत नाहीत. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून सात मिनिटांवर, एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर हे दोन धंदे गेली अकरा वर्षं एकाच वेटिंग रूमवर चालले आहेत. डावीकडचं दार माझं, दातांचं. उजवीकडचं समुपदेशक बाईंचं. मधे सहा खुर्च्या, चपलांचा एक स्टँड आणि दोघांत मिळून एक असिस्टंट मुलगी. ती माझ्या पेशंटना 'बसा' म्हणण्याचा आणि बाईंच्या पेशंटकडे न बघण्याचा पगार घेते.

'पेशंट' म्हटलेलं बाईंना खपत नाही. 'क्लायंट' म्हणायचं. समोरचा आजारी असेलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. मग येतो कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्यावर बाई म्हणाल्या, "हंऽ."

हा 'हंऽ' नीट ऐकायला हवा. आजीची गोष्ट ऐकताना नातू देतो तो हुंकार वेगळा, त्यात निम्मी झोप असते. नवरा पेपर वाचताना देतो तोही वेगळा, त्यात तर माणूसच नसतो. बाईंचा 'हंऽ' खालच्या पट्टीत सुरू होतो, मधे जरासा वर चढतो आणि शेवटी नुसत्या लोटून ठेवलेल्या दारासारखा अर्धा उघडा राहतो. त्या फटीतून पुढचं वाक्य आत सरकवल्याशिवाय समोरच्याला चैन पडत नाही. मी साधं "आज उकडतंय" म्हटलं आणि तिकडून 'हंऽ' आला, तर तीन मिनिटांत मी हप्ते, गुडघे आणि धाकट्या भावाने गावच्या घराचं काय केलं इथपर्यंत पोचलेला असतो.

हा नुसता लकबीचा भाग असेल असं मला वाटायचं. पण बाईंकडे त्याचा इतिहास निघाला. १९५५ साली जोएल ग्रीनस्पून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग छापला. माणसांना सुचतील ते शब्द बोलायला सांगायचं आणि अनेकवचनी नाम आलं की आपण फक्त 'म्‌हं' करायचं. माणसं नकळत अनेकवचनं जास्त बोलायला लागली. कुणालाही दमदाटी नाही, लालूच नाही, नुसतं 'म्‌हं'! मला हे ऐकून गंमत वाटली. बाईंना मात्र धाकच वाटतो. "आपला 'हंऽ' कुठे पडतो त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं हो," त्या म्हणाल्या. "तो दर वेळी सासूच्याच नावावर पडला, तर त्या सुनेला पन्नास मिनिटं दुसरं काही सुचायचं नाही." आता बोला. हातात ड्रिल घेऊन मी जेवढा जपून वागत नाही, तेवढ्या या बाई एका अनुस्वाराला जपतात.

खरा घोळ आहे तो शब्दात. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' मांडी ठोकून बसलेला आहे, त्यामुळे लोक तो घ्यायलाच येतात. आणि बाई नेमका तेवढाच देत नाहीत. आपल्याकडे सल्ला न देता दोन मिनिटं समोर बसू शकणारा माणूस एक तर बहिरा असतो, नाही तर त्याला आपल्याला काही तरी विकायचं असतं. त्यामुळे पहिल्या भेटीनंतर बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याचदा फसवणुकीचा भाव असतो. एक गृहस्थ जिन्यात मोबाइलवर कुणाला तरी सांगत होते, "काही नाही रे, मलाच विचारते, तुम्हाला काय वाटतं म्हणून. मला काय वाटतं ते मला घरी फुकटात वाटत होतं की!"

हेच गृहस्थ पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं आधी येऊन बसले होते, ते सोडा.

बाईंचं दैवत कार्ल रॉजर्स. त्याने १९५७ साली एक लेख लिहून माणूस बदलायला काय काय लागतं त्याच्या अटी मांडल्या. त्यातल्या तीन ऐकणाऱ्यासाठी. सोंग करायचं नाही, समोरच्याला अटी न घालता आपलं म्हणायचं आणि जग त्याच्या डोळ्यांनी बघायचं. वाचायला सोपं आहे. पहिली अट तर बाईंनी इतकी मनावर घेतली आहे, की त्या कुणालाही 'सगळं नीट होईल' म्हणत नाहीत. माझा धंदा 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' या एका वाक्यावर तीस वर्षं उभा आहे. बाईंच्या मते ते वाक्य मी पेशंटच्या भीतीसाठी म्हणतच नाही, माझ्या सोयीसाठी म्हणतो. मी रागावलो होतो. पण त्यानंतर सुई हातात घेतली की ती मुंगी माझ्याच जिभेवर चावते.

त्यांची खोली मी पाहिली आहे, रिकामी असताना. टेबल नाही. वेताच्या दोन खुर्च्या, पण समोरासमोर नव्हेत. किंचित तिरक्या, म्हणजे बघायचं तर बघता येतं आणि नको असेल तेव्हा खिडकीबाहेरचा शेवगा असतो. फ्रॉइड पेशंटला आडवं करून त्याच्या डोक्यामागे बसायचा. दिवसाचे आठ-आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून बघितलेलं सोसवत नाही, हे त्याने १९१३ साली स्वतःच लिहून ठेवलं आहे. हे कळल्यावर मला धन्य वाटलं, कारण मीही पेशंटला आडवं करून डोक्यामागेच बसतो. बाई म्हणाल्या, "हंऽ."

घड्याळ क्लायंटच्या पाठीमागच्या भिंतीवर. मनगटाकडे नजर गेली की समोरच्याचं वाक्य तुटतं, म्हणून. कागदी रुमालांचा डबा क्लायंटच्या हाताशी, पण बाई तो उचलून कधी पुढे करत नाहीत. रुमाल पुढे केला की 'पुरे आता रडणं' असं ऐकू जातं म्हणे. मी एकदा माझ्या खुर्चीतल्या रडणाऱ्या बाईंना रुमाल दिला नाही, तर त्यांनी माझ्या एप्रनला डोळे पुसले. प्रत्येक शास्त्राची जागा असते.

पण त्या खोलीत मी खरा बघतो तो क्लायंटच्या खुर्चीचा उजवा हात. त्याच्यावर गुंडाळलेली वेताची पट्टी पुढच्या टोकाकडून उसवलेली आहे. बोलता न येणारी माणसं ती नखाने सोलत बसतात. दर वर्षी दोनेक बोटं उसवण पुढे सरकते. खुर्च्या विणणारा आमच्या रस्त्यावर येतो, त्याच्याकडून बाईंनी बैठक दोनदा नवी करून घेतली, पण त्या हाताला हात लावू दिला नाही. अकरा वर्षांत बाईंच्या खोलीतलं मला वाचायला मिळालेलं हे एवढंच.

कारण बाई काही सांगत नाहीत. आणि माझी खरी तक्रार तीच आहे. मी लिहिणारा माणूस. दिवाळी अंकांना माझं काही ना काही जातं. भिंतीपलीकडे रोज पाच-सहा कादंबऱ्या येऊन बसतात आणि मला त्यांच्या चपलांवर समाधान मानावं लागतं. नाव नको, गाव नको, नुसता विषय सांगा, असं मी गयावया करून पाहिलं. बाईंनी मला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दाखवला. त्यातलं तेविसावं कलम गोपनीयतेचं आहे, तो त्या माणसाचा हक्क आहे. "आणि कायदा नसता तर?" मी म्हटलं. "तर माझ्या दाराला कडी असतीच की," बाई म्हणाल्या.

पहिल्याच भेटीत बाई काय सांगणार नाही याच्याआधी काय सांगावं लागेल ते सांगून टाकतात. जिवाला धोका असेल, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या, तर मी गप्प बसणार नाही. लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मला कळवावंच लागेल. बाकीचं या खोलीत राहील. मी म्हटलं, असं सुरुवातीलाच सांगितलं तर माणूस पळून नाही का जाणार? तर त्यांचं म्हणणं, नंतर कळलं तर जास्त लांब पळतो.

भिंत मात्र बाईंच्या शिस्तीची नाही, बिल्डरच्या शिस्तीची आहे. चार इंची. म्हणून बाईंनी मला कामाला लावलं. माझा कॉम्प्रेसर सुरू झाला की वेटिंग रूममध्ये बसलेल्यांना आपला स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. एरवी शेजारी या कॉम्प्रेसरवरून सोसायटीत अर्ज देतात. बाई साडेसहाला डोकं आत घालून विचारतात, "आज तुमचं ते सुरू नाही का? सुरू ठेवा ना प्लीज." माझ्या आयुष्यात माझ्या आवाजाची कुणी मागणी केली ती एवढीच.

आणि माझे दातही त्यांच्या उपयोगी पडतात. जिन्यात ओळखीचं कुणी भेटलं की बाईंचे क्लायंट गालाला हात लावतात. एक काका तर दोन वर्षं त्याच एका दाढेचा इलाज करून घेत होते, असं त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्यातून डॉक्टर म्हणून माझी जी कीर्ती झाली, तिचं काय करायचं ते कायद्यात कुठेच दिलेलं नाही.

रस्त्यात भेटलं तर बाई क्लायंटला आपण होऊन ओळख दाखवत नाहीत. तुम्ही हसलात तर मी हसेन, असा पहिल्या दिवशीचाच करार असतो. धोरण उत्तम. पण डोंबिवलीकर चाणाक्ष. एका हळदीकुंकवात कुणाच्या तरी लक्षात आलं, की बाई ज्यांच्याकडे बघून हसत नाहीत त्या त्यांच्याकडे जात असणार. पंधरा मिनिटांत बायकांनी हिशेब मांडायला सुरुवात केली. तेव्हापासून बाईंनी सरसकट कुणालाच ओळख दाखवायची नाही असं ठरवलं. भाजीवाल्याला नाही, मला नाही, एकदा तर स्वतःच्या नणंदेला नाही. फडके रोडवर भर गर्दीत त्या समोरून आरपार निघून जातात आणि संध्याकाळी शांतपणे "सकाळी दिसलात" म्हणतात.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये त्यांना 'हंबाई' म्हणतात. हे नाव ठेवलं मॅनेजरने. मॅनेजर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला माझा मित्र, माणूस भारदस्त आणि आवाज त्याहून. "आमच्या वेळी कुठे होतं हे?" हे त्याचं आवडतं वाक्य. "बाप दोन थोबाडीत द्यायचा, काउन्सेलिंग झालं! आता पोराने गणितात गटांगळी खाल्ली की न्या हंबाईकडे." मीही हसायचो. त्यात तेलही ओतायचो. मी त्याला सांगितलं, की १९६६ साली एमआयटीत वायझेनबाऊम नावाच्या माणसाने 'एलायझा' म्हणून एक प्रोग्रॅम केला होता, तो रॉजर्सच्या पद्धतीने तुमचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा. म्हणजे हंबाईंचं काम साठ वर्षांपूर्वीच यंत्राने केलंय! मॅनेजरने हे महिनाभर वापरलं.

मी बाईंनाही ऐकवलं. त्यांना एलायझा माहीत होती. "आणि त्याच्या सेक्रेटरीचं पुढे काय झालं ते सांगितलंत का?" झालं असं होतं, की वायझेनबाऊमच्या सेक्रेटरीने, जिने तो प्रोग्रॅम तयार होताना बघितला होता, दोन-चार वाक्यं टाइप केली आणि मग त्यालाच सांगितलं, तुम्ही जरा बाहेर जाता का? "ते एवढंच लागतं," बाई म्हणाल्या. "कुणी तरी बाहेर जायला."

एक प्रसंग मात्र वेटिंग रूममध्येच घडला, त्यामुळे तो माझ्या मालकीचा आहे. नववीतला एक मुलगा यायचा. वडील आणून सोडायचे, पन्नास मिनिटं पाय हलवत बसायचे आणि घेऊन जायचे. तिसऱ्या खेपेला ते उभेच राहिले. "मॅडम, तीन वेळा झाल्या. गाडीत विचारलं, काय बोललास, तर म्हणतो काहीच नाही. खरं आहे का?"

"त्याने सांगितलंय ना तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"मग फी कसली? गप्प बसायला घरी जागा नाही का त्याला?"

बाई जरा थांबल्या. "नाहीये," त्या म्हणाल्या.

वडिलांनी पाकीट काढलं होतं ते तसंच हातात राहिलं. माझ्या एका पेशंटच्या तोंडात कापूस होता, तीही चावायची थांबली. फ्रॉइडचा यावर उपाय सोपा होता. ठरलेली वेळ तुमच्या नावाने भाड्याने दिली आहे, आलात न आलात, भाडं द्या. बाईंनी तो सांगितला नाही. पोरगा खाली मान घालून चप्पल घालत होता आणि त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखात वेताचं कूस अडकलेलं होतं. चौथ्या खेपेलाही वडील घेऊन आले. तो पुढे बोलला का, काय बोलला, मला माहीत नाही. पाय हलवणं मात्र वडिलांनी हळूहळू कमी केलं. अलीकडे वडील एकटेच येतात.

एवढी सगळी विद्या घरी आणि बाजारात नेली, की तिची भजी होतात. भाजीवाला म्हणतो, "कोथिंबीर वीसला परवडत नाय ताई." बाईंच्या तोंडून सवयीने निघून जातं, "म्हणजे तुम्हाला वाटतंय, कष्ट बघता हे कमी आहे." झालं. त्या माणसाला आयुष्यात असं कुणी विचारलेलं नसतं. पाऊस, व्यापारी, मेव्हणा, सगळं बाहेर येतं. बाई पाऊण तासाने कोथिंबिरीची फुकट जुडी घेऊन धावतपळत क्लिनिकवर येतात. सोसायटीच्या सभेत पाण्यावरून रण पेटलं होतं, तेव्हा त्या सेक्रेटरींना म्हणाल्या, "पाणी येत नाही याचा तुम्हाला खूप राग आलाय." सेक्रेटरी म्हणाले, "राग नाही आलेला, टँकर आलेला नाही!" आणि त्यांची स्वतःची मुलगी एकदा वेटिंग रूममधून फोनवर ओरडत होती, "आई, तू मला प्लीज रागाव. नुसतं समजून नको घेऊस!"

मागच्या पावसाळ्यात बाईंची दाढ दुखायला लागली. खालची, डावीकडची सहावी. रूट कॅनॉल. माझी संधी आली. खुर्चीत झोपल्या तेव्हा बाईंचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट आवळलेले होते. मी सुई घेतली आणि मुंगीचं वाक्य ओठांवर आलं होतं ते गिळलं. "दुखेल," मी म्हटलं, "दहा आकडे मोजेपर्यंत. मी मोजतो." बाईंनी डोळे मिटले. मी मोजले. आवळलेले हात सातव्या आकड्याला सैल झाले.

भूल चढली, रबर डॅम बसवला, तोंड उघडं, सक्शन सुरू. आता बाईंना एकच अक्षर उच्चारता येत होतं. दाढेच्या मुळांतल्या कालव्यांमधून फाइल फिरवणं हे काम वेळखाऊ असतं आणि हात गुंतलेले असले तरी माझं तोंड मोकळं असतं. मी काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, "माझ्या वडिलांना तुम्ही पाहिलं नसेल."

"हंऽ," बाई म्हणाल्या.

आता ते भुलेमुळे होतं, रबरामुळे होतं की अकरा वर्षांच्या सरावामुळे, ते देव जाणे. पण पट्टी तीच. शेवटी दार तसंच लोटलेलं. मी बोलायला लागलो. मी त्यांच्या डोक्यामागे बसलेलो, त्या वर दिव्याकडे बघत, त्यामुळे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचा प्रश्न नव्हता. फ्रॉइडची बैठक होती, फक्त माणसं उलटी बसली होती. एक फाइल, दुसरी फाइल, एक्स-रे, तिसरी फाइल. मी काय बोललो ते इथे लिहिणार नाही. बायकोला ठाऊक नाही, भावाशी तर बोलणंच नाही. मधे एकदा मला हात थांबवून एप्रनच्या बाहीने चष्मा पुसावा लागला. हातमोजे घातल्यावर दुसरं काय करणार. बाईंनी मान वळवली नाही. बाजूच्या ट्रेमध्ये कापसाचे बोळे होते, माझ्या हाताशीच. त्यांनी काही पुढे केलं नाही.

रबर काढलं, गुळणी झाली. बाईंनी जीभ फिरवून दाढ चाचपली, पर्स उघडली आणि बधिर ओठाने म्हणाल्या, "फी किती द्यायची?"

"राहू द्या," मी म्हटलं. "आज हिशेब करायला बसलो, तर मलाच द्यावी लागेल."

"हंऽ," बाई म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फडके रोडवर नेहमीसारख्या माझ्या आरपार निघून गेल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला ते आवडलं.

गुरुवारी मी डोंबिवलीत नसतो, बदलापूरच्या एका क्लिनिकमध्ये जातो. दिवाळीनंतर कधी तरी मॅनेजरने फिरता फिरता विचारलं होतं, "तू गुरुवारी इथे नसतोस ना?" मला वाटलं, त्याला दात दाखवायचा असेल. त्याच्या वरच्या पुलाचं काम राहिलंच होतं. "नसतो," मी म्हटलं, "शुक्रवारी ये." तो म्हणाला बघतो, आणि लगेच हंबाईंवर काही तरी बोलला. सगळे हसले.

जानेवारीत एका गुरुवारी अंबरनाथच्या पुढे ओव्हरहेड वायर तुटली. गाडी दीड तास उभी. बदलापूरला जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून रिक्षा बदलत परत आलो आणि पावणेसातला आपल्याच क्लिनिकचा जिना चढलो. असिस्टंट मुलगी मला बघून उभी राहिली. वेटिंग रूम रिकामी. उजवीकडचं दार बंद. चपलांच्या स्टँडवर एकच जोड, खालच्या कप्प्यात, अगदी आत सारून ठेवलेला. फिरायला जायचे पांढरे बूट, डाव्या बुटाची नाडी तुटलेली आणि तिथे धोतराच्या काठाची चिंधी ओवलेली. ही चिंधी मी रोज सकाळी साडेपाच ते साडेसहा बघतो. वडिलांचं धोतर होतं ते, असं त्यानेच एकदा सांगितलं होतं आणि सांगून लगेच दुसरं काही तरी बोलायला लागला होता.

चार इंची भिंत. पलीकडून आवाज येत होता. भारदस्त नव्हता. शब्द कळत नव्हते, पण आणखी दोन पावलं टाकली असती तर कळले असते.

मी माझ्या खोलीत गेलो, दिवा न लावता, आणि कॉम्प्रेसरचं बटण दाबलं.

मुलगी दारात आली. "सर, पेशंट कुणी नाहीये."

"असू दे," मी म्हटलं.